बाळ कोणत्या वाटेने आलं?

आखातातल्या एका परवाना कचेरीत एक साहेब होते. अर्जातला एक रकाना जरी कोरा दिसला, तरी त्यांचं पित्त खवळायचं. वत्सलाबाई कर्णिक लेक आणि तान्ह्या नातवाला घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. चाळीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स असलेल्या बाई लेकीच्या बाळंतपणासाठी चिपळूणहून आल्या होत्या. बाळाचा इथे राहण्याचा परवाना काढायचा आज शेवटचा दिवस होता. उद्यापासून ते बेकायदा ठरणार होतं.

साहेबांनी 'प्रवेशाची वाट' या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून अर्ज परत सरकवला. "कोणत्या वाटेने आला हा देशात? विमानाने की बोटीने? प्रवेशाचा शिक्का कुठाय?"

"साहेब, तो इथेच जन्मलाय. हा दाखला," लेक रडवेली झाली.

"शिक्क्याशिवाय या देशात कुणी येत नाही!"

बाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं आणि हिंदीत विचारलं, "साहेब, तुमचा शिक्का दाखवता?"

"माझा? मी इथलाच! इथेच जन्मलो!"

"मग लिहा, साहेब आले त्याच वाटेने. चाळीस वर्षं मी त्या दारावर उभी होते. भलेभले तिथून आले, पण एकाच्याही अंगावर लंगोट नव्हता, पासपोर्ट कुठला!"

रांगेत हशा पिकला. साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. वाटेचा रकाना मात्र कोराच राहिला.