पहिली जुडी घरची

नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा एक माळी होता. आठवड्याच्या बाजारात त्याची भाजी सगळ्यांत आधी संपायची. बाया म्हणायच्या, "केरबाच्या मेथीला पोरं ताट चाटून पुसून ठेवतात." आणि खुद्द केरबाची लेक शेवंता भाजीचं नाव काढलं की तोंड फिरवायची.

गोष्ट हसण्यासारखी होती, पण केरबाला आणि त्याच्या बायकोला, हौसाला, हसू येत नव्हतं. पोर वाळत चालली होती. लंगडी खेळताना धाप लागून मध्येच खाली बसायची. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, "हिला औषध नको. पालेभाजी पोटात जाऊ दे, नाहीतर पोर अंथरूण धरेल."

मग ओरडून झालं, दटावून झालं. शेवटी केरबा म्हणाला, "दोन घास भाजी खा, मग जिलबी देतो." बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पोरीने एवढंच ओळखलं, की भाजी सोसायची असते आणि जिलबी मिळवायची असते. ती नाक दाबून दोन घास गिळायची आणि हात पुढे करायची. पुढे पुढे ते दोन घासही बंद झाले.

एकदा केरबा संध्याकाळी बाजारातून आला. जिलबीचा पुडा त्याने दोन्ही हातांनी जपून देवळीत ठेवला. पाटी मात्र दारातच उपडी केली. सुकलेली मेथी, किडकी वांगी, जून दोडके घरंगळत बाहेर आले. दर बाजाराला असंच व्हायचं. चांगला माल बाजाराला आणि उरलंसुरलं चुलीला, अशी त्या घरची रीतच होती.

हौसा मेथी निवडायला बसली. "शेवंते, आज जरा खा गं बाई."

पोर शांतपणे म्हणाली, "आई, ती चांगली असती तर इकली गेली असती की."

हौसाच्या हातातली काडी हातातच राहिली. पोरीचं काय चुकलं होतं? जे कुणालाच नको ते आपल्या ताटात येतं, हे तिला आईबापांनीच तर शिकवलं होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच हौसा लेकीला मळ्यात घेऊन गेली. "तुला आवडंल ती मेथी उपट. आज पहिली जुडी घरची."

पाटी भरता भरता केरबा सवयीने म्हणाला, "अगं, चांगली जुडी गिऱ्हाईक आधी उचलंल."

"म्हणूनच," हौसा म्हणाली.

शेवंताने वाफाभर हिंडून जुडी निवडली आणि स्वतःच धुतली. तिघं एका रांगेत बसून भाकरीशी तीच भाजी जेवली. केरबाने दुसऱ्यांदा वाढून घेतली. शेवंताला कुणी "खा" म्हटलं नाही, जिलबीचं नावही काढलं नाही. तिने बापाच्या ताटाकडे पाहिलं आणि आपलं ताट पुढे केलं.

पुढच्या हंगामात पाटलीणबाई भल्या सकाळी मळ्यावर आल्या. लंगडीत सगळ्यांना बाद करणारी शेवंता तेव्हा बांधावर बसली होती. तिच्याजवळच्या हिरव्यागार जुडीला पाटलीणबाईंनी हात घातला.

शेवंताने जुडी अलगद मागे ओढली. "ती न्हाई मिळायची, काकू. ती घरची हाय."

तात्पर्य: जे अन्न मुलांनी आवडीने खावं असं वाटतं, त्याला आधी आईबापांनी घरात मान द्यावा आणि स्वतः गोडीने खावं; धाक आणि लालूच यांनी घास गिळला जातो, पण गोडी लागत नाही.