साळुंकीला अंजीर कोण भरवणार?

एका राज्यात एक नियम होता, आणि त्याचं कारण विचारायचं नाही हा दुसरा नियम होता. प्रेम जुळलं की राजपुत्र राजकन्येला एक मंतरलेली साळुंकी देई. प्रेम मोडून तो निघून गेला, तरी साळुंकी मागे राही आणि त्याच्याच आवाजात बोले. मागे राहिलेल्या मुलीनं तिला दिवसातून तीनदा आपल्या हातानं अंजीर भरवायचं, तो परत येईपर्यंत. आजवर एकही परत आला नव्हता.

राजकन्या मंजिष्ठेचा रत्नकेतू एका जलपरीच्या मागे समुद्रात गेला. त्याच दिवशी मंजिष्ठेच्या जिभेची चव गेली. पुरणपोळी म्हणजे नुसतं पीठ, बासुंदी म्हणजे कोमट पाणी. साळुंकी म्हणे, "तुझ्यावाचून चांदणंही पोळतं." मंजिष्ठा रडे आणि अंजीर भरवी. साळुंकी भोपळ्यासारखी फुगली. दाणा स्वतः टिपायचा असतो, हे ती विसरून गेली.

राजगुरू गंभीरभट्टांनी उपाय सांगितला. "यक्षाच्या डोंगरावरचं मीठ, सोनेरी माश्यांचा मध आणि राक्षसिणीच्या मळ्यातली मिरची. तिन्ही चाख."

"यानं कुणाला गुण आला आहे, गुरुदेव?"

"प्रश्न विचारू नयेत, राजकन्ये."

पिंजरा पाठीवर बांधून मंजिष्ठा निघाली, कारण अंजिराची वेळ चुकवायची नव्हती. यक्षानं कोडं घातलं, तिनं सोडवलं. मीठ वाळूसारखं लागलं. माश्या तिला पाहून स्वतःच बाजूला झाल्या. मध डिंकासारखा लागला. राक्षसीण मिरच्या खुडत बसली होती.

"खाऊ का तुला?" राक्षसिणीनं विचारलं.

"खा. बेचव असेन."

राक्षसिणीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. "हिला भरवतं कोण?"

"मीच."

"मग मिरची काय करणार, बाई? माझ्याकडेही एक साळुंकी होती. मी खाल्ली."

साळुंकी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकली.

"तू खाऊ नकोस," राक्षसीण म्हणाली. "सहा महिने माझ्या पोटातून तो गोड गोड बोलत होता." आणि तिनं ओंजळभर मिरच्या दिल्या. मंजिष्ठेनं एक चावली. गवत.

ती राजवाड्यात परतली, तेव्हा सज्जात महाराजांची थोरली बहीण, आत्याबाई चंद्रावळ, आपल्या चाळीस वर्षांच्या साळुंकीपाशी बसल्या होत्या. शेजारी गंभीरभट्ट. म्हातारी साळुंकी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुझ्यावाचून चांदणंही पोळतं."

मंजिष्ठा थबकली. "आत्याबाई, तुमच्या साळुंकीचंही हेच वाक्य?"

"असेल. तुझी उपाशी आहे, पोरी. भरव." आत्याबाईंनी अंजीर पुढे केलं.

मंजिष्ठेनं पिंजरा खाली ठेवला, दार उघडलं, शेजारी मूठभर ज्वारी टाकली. "मी भरवणार नाही."

"तो परत आला म्हणजे?" आत्याबाईंनी विचारलं.

"त्याचा पक्षी त्यानं भरवावा."

"नियम आहे," गंभीरभट्ट म्हणाले.

"कशासाठी?"

गंभीरभट्टांनी दाढी कुरवाळली. मग पुन्हा कुरवाळली.

साळुंकीनं चांदणं तीनदा पोळवून पाहिलं. अंजीर आलं नाही. शेवटी ती दारातून कशीबशी बाहेर आली, एक दाणा टिपला, दुसरा टिपला, आणि तिसऱ्याला तिचा स्वतःचा बारीक आवाज फुटला. "खरं सांगू? मला तो माणूस कधीच आवडला नव्हता." मग कठड्यावर दोनदा आपटून ती उडाली.

मंजिष्ठेनं मिरची चावली. कान तापले, नाक वाहू लागलं, डोळ्यांतून धारा लागल्या.

"पाणी आणा," गंभीरभट्ट ओरडले.

"पाणी नको," मंजिष्ठा म्हणाली. "भाकरी आणा. चार."

म्हातारी साळुंकी चोच उघडून वाट पाहत होती. आत्याबाईंनी हातातल्या अंजिराकडे पाहिलं, आणि ते स्वतःच्या तोंडात टाकलं. त्या सावकाश चावत राहिल्या. चाळीस वर्षांनी जिभेला चव लागत होती, आणि त्यांना बोलण्यापेक्षा चावणं महत्त्वाचं वाटत होतं. गंभीरभट्टांनी तिसऱ्यांदा दाढी कुरवाळली.