टोचलेल्यांना मनाई

“ज्याच्या कानाला भोक, ज्याच्या हातावर गोंदण, त्याने देवळात पाऊल टाकायचं नाही!”

रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेत नव्या विगारांनी, म्हणजे देवळाच्या मोठ्या पाद्रींनी, हुकूम सोडला आणि मांडवपाड्याच्या झाडून साऱ्या बायकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. लपवणार तरी किती! कोळ्यांचं गाव ते. पोरगी बारा दिवसांची झाली की कान टोचायचे, आणि हाताला कळ सोसता यायला लागली की मनगटावर क्रूस गोंदायचा. पुरुषांच्याही मनगटावर क्रूस. अख्ख्या गावात कोरा माणूस एकच, घंटा वाजवणारा म्हातारा सांतान. लहानपणी सुई बघून तो जो नारळावर चढला, तो संध्याकाळपर्यंत उतरला नव्हता!

हे नवे विगार, फादर गास्पार, मनाने वाईट नव्हते हं. गावात आल्या आल्या त्यांनी आपल्या स्वर्गवासी आईच्या सोन्याच्या कुड्या सायबिणीला वाहिल्या होत्या. सायबीण म्हणजे आल्तारावरची, देवळातल्या वेदीवरची, मरियामाता. डोळे पुसत पुसत स्वतःच्या हाताने त्यांनी त्या तिच्या कानांत अडकवल्या. माणूस भाविक, पण हट्टी! एकदा बोलले की बोलले.

या हट्टापायी रडकुंडीला आली इजू. सायबिणीच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी तिचं दुमिंगशी लग्न होतं. मांडवाचे बांबू आले होते, डुक्कर बांधलं होतं, आणि नवरीलाच देवळात बंदी! आत्याला घेऊन ती तडक विगारांच्या घरी गेली. बाहेरच्या ओट्यावरूनच तिने हाक मारली.

“फादर, माझ्या लग्नाचं काय?”

“हातावरचं पुसून ये. कानाची भोकं बुजवून ये. मग लावतो.”

“अगं बाय!” आत्या म्हणाली. “गोंदण कधी पुसतं का? कातडीच सोलावी लागेल पोरीची!”

“मग गोंदलंत कशाला? मोझेसच्या नियमात लिहिलंय, देहावर खुणा करू नका.”

“त्याच नियमात डुकराचं मांसही मना आहे ना, फादर?” इजू म्हणाली. “मागचे पाद्री सांगायचे. मग परवा आमच्या घरून आलेलं वाटीभर डुकराचं सोरपोतेल कुणी संपवलं?”

फादरना ठसका लागला. “तो... तो जुना नियम. येशूने मोकळीक दिली.”

“म्हणजे डुकराला मोकळीक आणि इजूला बंदी?”

“जिभेला हाड आहे का तुझ्या!” फादर लालबुंद झाले. “अगं, देह हे पवित्र आत्म्याचं मंदिर. मंदिराच्या भिंतीवर कोणी रेघोट्या ओढतं?”

“आपल्या देवळाच्या भिंतींवर तर येशूच्या दुःखाची चौदा चित्रं आहेत. आणि दारावर हा एवढा क्रूस कोरलाय!”

आत्याने पदर तोंडाला लावला. इजूने मात्र आपलं मनगट पुढे केलं. “फादर, हे नटणं नाही. माझा बाबा वादळात बुडाला. परक्या गावच्या किनाऱ्याला लागला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. मनगटावरचा क्रूस बघून लोकांनी त्याला देवळाच्या मातीत पुरलं. नाहीतर माझा बाबा वाळूतच राहिला असता. तस्साच क्रूस आईने माझ्या हातावर गोंदवून घेतला. हा मी पुसू?”

फादरनी वाकून तो क्रूस पाहिला. पण भर मिस्सेत दिलेला हुकूम मागे घ्यायचा कसा? हट्टाने पुन्हा मान वर काढली.

“ठीक! सणाला सायबिणीची पालखी उचलायला सहा बायका आण. याच गावच्या, कान कोरे, हात कोरे! आणल्यास तर तुझं लग्न तुझ्या क्रुसासकट लावतो.”

आत्याने कपाळावर हात मारला. इजूने मात्र विचारलं, “हुकमात कुणाला सूट आहे का, फादर?”

“कुण्णाला नाही! माझी सख्खी आई आली तरी नाही!”

“बरं,” इजू म्हणाली आणि घरी गेली.

सणाच्या सकाळी फादर गास्पार नवा झगा घालून आल्तारापाशी आले. देऊळ रिकामं! वर पाहिलं, तर सायबिणीची जागाही रिकामी! ते धावतच दाराशी आले. बाहेर अंगणात मांडव घातलेला, झेंडूच्या माळा, आणि मधोमध पाटावर सायबीण! भोवती सारं गाव गुडघे टेकून बसलं होतं.

“हे काय? सायबिणीला बाहेर कोणी काढलं?”

“मी... मी उचलली,” सांतान चाचरत म्हणाला. “कोरा म्हणून मलाच आत जाता आलं.”

फादर इजूवर कडाडले, “आणि तुझ्या सहा बायका कुठे आहेत?”

“नाही मिळाल्या, फादर. पण आता लागतातच कशाला? सायबिणीला देवळाबाहेर आणायलाच ना पालखी? ती तर तुमच्याच हुकमाने बाहेर आली!”

“माझ्या हुकमाने?”

“तिचे कान बघा ना! दोन्ही टोचलेले. आम्ही म्हटलं, सायबिणीला तरी सूट असेल. पण तुम्हीच म्हणालात, सख्खी आई आली तरी नाही. आणि फादर, कानातल्या त्या कुड्या कुणाच्या, ते तुम्हीच सांगा!”

फादर सायबिणीजवळ गेले. उन्हात आईच्या कुड्या चमकत होत्या. त्यांनी एका कुडीला हळूच बोट लावलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग ते असे खदखदून हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

“अरे देवा! माझ्या आईलाच मी देवळाबाहेर उभं केलं! चला रे, सगळे आत चला! आधी सायबीण, मग तिच्या लेकी!”

घंटा घणघणली. सायबिणीच्या मागोमाग टोचलेले, गोंदलेले सारे आत गेले.

मिरवणूक आटोपल्यावर फादरनी इजूला बोलावलं. नवसाला आलेल्या सोन्यातला एक कुड्यांचा जोड तिच्या तळहातावर ठेवला आणि डोळे वटारून म्हणाले, “उद्या या घालून ये. आणि बाही वर कर, क्रूस दिसला पाहिजे. कान रिकामे ठेवून आलीस, तर लग्न लावणार नाही!”