महाराजांचं पक्क्या रंगाचं पागोटं

चांदकुंडी संस्थानात एका सकाळी एकशे अकरा पांढरे कपडे गुलाबी निघाले!

दसऱ्याच्या दरबारासाठी परटाच्या भट्टीत उकळून धुवायला दिलेला एकही कपडा वाचला नाही. सेनापतींचा अंगरखा गुलाबी, राजवैद्यांचं धोतर गुलाबी, तोफखान्याच्या सुभेदाराची तर बंडीसुद्धा गुलाबी! आणि केरबा परीट कोठडीत.

केरबाची लेक ठमी घाटावर दात-ओठ खात बसली होती. काल तिच्या देखत आबांनी कारभारी नरहरपंतांपुढे हात जोडले होते. "पंत, पांढरं तेवढं भट्टीत घालू द्या. रंगीत गार पाण्यात, रेशीम रिठ्यात. आणि महाराजांचं हे लाल पागोटं नवंकोरं आहे, ते तर एकटंच..."

"वेळ कुणाला आहे?" पंत खेकसले होते. "घाल सगळं एकाच भट्टीत! पागोट्याचा रंग पक्का आहे, असं खुद्द महाराज म्हणतात. तू महाराजांना खोटं पाडतोस?"

रंग गेला म्हटल्यावर चौकशी समिती बसली. समितीत पंत, पंतांचे मेहुणे आणि पंतांचे व्याही. समिती जेवायला बसली, जेवून उठली आणि निकाल देऊन मोकळी झाली. पागोटं महाराजांचं, हुकूम पंतांचा, भट्टी सरकारी. मग दोषी उरला कोण? परीट! त्याने लेकीसकट घाट सोडून चालतं व्हावं.

ठमीने पदर खोचला आणि तडक दरबार गाठला.

सर्जेराव महाराज तेच लाल पागोटं डोक्यावर मिरवत बसले होते. "काय गं पोरी?"

"महाराज, माझ्या आबांनी काही केलेलं नाही. रंग सोडणारा दुसराच आहे."

"कोण?" महाराजांचा हात पागोट्याकडे गेला. "याच्याकडे बोट दाखवशील तर याद राख! पक्का रंग आहे. विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय!"

"विकणारा दुसरं काय सांगणार, महाराज?"

दरबारात कुणीतरी खुदकन हसलं. महाराज लालबुंद झाले. "ठीक आहे! दिवस मावळायच्या आत गुन्हेगार हजर कर. पण पागोट्याला हात लावायचा नाही, ते पाण्यात घालायचं नाही आणि त्याचं नावही काढायचं नाही! जमलं नाही तर आजच घाट सोडायचा."

"जमलं म्हणून समजा," ठमी म्हणाली. "फक्त महाराजांनी घाटावर यावं. गुन्हेगार तिथेच सापडेल."

आश्विनातलं दुपारचं ऊन. घाटाचे दगड तव्यासारखे तापलेले. महाराज आले, मागे छत्री धरून पंत आले आणि फुकटचा तमाशा बघायला अख्खं गाव आलं. ठमीने दरबाराची मोठी सतरंजी पाण्यात भिजवून दगडापाशी आणून ठेवली होती.

"ही कशाला?" महाराजांनी विचारलं.

"धुवायची राहिलीय, महाराज. आबा कोठडीत आहेत आणि माझ्या एकटीच्याने उचलून आपटवत नाही. फार कष्टाचं काम आहे हो!"

"कष्टाचं?" महाराज खो खो हसले. "चार वेळा आपटलं की झालं! यात कसली आलीय विद्या?"

"राहू द्या, महाराज. आमचे आबा वीस वेळा आपटतात. पण ते पडले परीट. ते राजेलोकांना कुठून जमायचं?"

"जमायचं नाही? मी पन्नास वेळा आपटतो!"

पंत पुढे झाले. "महाराज, हे शोभत नाही..."

"पंत, छत्री मिटा! मधे येते!"

महाराजांनी बाह्या सरसावल्या. ठमी अदबीने म्हणाली, "डोकं तरी मोकळं करून घ्या, महाराज. ऊन फार आहे. दमाल."

"दमतो कोण? लढाईत कधी पागोटं उतरवलं नाही, ते सतरंजीसाठी उतरवू?" महाराज गरजले आणि पागोटं आणखी घट्ट दाबून बसवलं.

धप्प! एक. धप्प! दोन. गाव मोजू लागलं. सातव्याला महाराजांना धाप लागली. बाराव्याला त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. सतराव्यानंतर सतरंजी हातून निसटली ती थेट पंतांवर जाऊन पडली. गावाने तोही फटका धरला, अठरा!

एकोणिसाव्यासाठी महाराज सतरंजी ओढायला वाकले आणि गावाचं मोजणं थांबलं.

महाराजांच्या कपाळावरून एक लाल ओघळ निघाला. भुवईत क्षणभर थांबला, नाकावर आला, पांढऱ्या मिशीत शिरला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. मिशी गुलाबी झाली, दाढी गुलाबी झाली आणि अंगरख्यावर टप टप ठिपके पडू लागले.

"थांबलात का रे? मोजा!" महाराज ओरडले.

ठमीने घाटावरची पाण्याने भरलेली परात पुढे सरकवली. महाराजांनी वाकून पाहिलं. पाण्यातून एक गुलाबी मिशांचा राजा त्यांच्याकडे टकमक बघत होता.

"हे... हे कुणी केलं?"

"मी कशालाही हात लावला नाही, महाराज," ठमी म्हणाली. "काही पाण्यात घातलं नाही, कुणाचं नाव काढलं नाही. गुन्हेगारानेच तुमच्या कपाळावर कबुलीजबाब लिहून दिला. चौकशी समितीने वाचून घ्यावा!"

सतरंजीखालून पंत म्हणाले, "समितीला पुन्हा बसावं लागेल."

महाराजांनी एकदा परातीत पाहिलं, एकदा सतरंजीतून डोकावणाऱ्या पंतांकडे पाहिलं आणि जे हसत सुटले, ते हसता हसता मटकन दगडावरच बसले. दगड तापलेला होता. तसेच उठले आणि आणखी हसले!

"केरबाला सोडा! घाट पिढ्यान् पिढ्या त्याचाच!" त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठमीच्या हातात घातलं. "यंदाचा दसरा गुलाबी! आणि पंत, महिनाभर राजवाड्याचं धुणं तुम्ही निवडायचं. पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, रेशीम वेगळं!"

मग त्यांनी ओलं पागोटं उतरवून ठमीपुढे धरलं. "आणि याचं काय करू, पोरी? हे कशाबरोबर धुवायचं?"

"पंतांबरोबर धुवा, महाराज," ठमी म्हणाली. "दोघांनाही पांढऱ्या कपड्यांपासून लांब ठेवलेलं बरं!"