भुरोबाची आंबापोळी

डोंगरात माणसांची पायवाटही नव्हती, त्या काळी भुरोबा नावाचं अस्वल आंबापोळी करून विकायचं. पोळी झटपट वाळावी म्हणून त्याची भट्टी दिवसभर धुमसत असायची.

एक दिवस शेजारची बुलबुल आली. "भुरोबा, धुरानं माझी पिल्लं खोकून बेजार झालीत. आता घरटं सोडावं लागणार."

"छे, काळजी कशाला!" भुरोबा ऐटीत म्हणाला. "मी कालच माळावर करंजाची रोपं लावलीत. झाडं धूर पितात. फिटला हिशेब!"

"मग चला, सांगू त्यांना."

माळावर वीतभर रोपं वाऱ्यानं डुलत होती. भुरोबानं वाकून एकाला म्हटलं, "बाळा, माझा धूर पिऊन टाक बरं."

"पिईन की, आजोबा," रोप म्हणालं, "पण आधी मला मोठं तर होऊ द्या! आज घोटभर पाण्यानंच माझं पोट भरतं."

भुरोबा ओशाळला. घरी येऊन त्यानं भट्टी विझवली आणि आंब्याचा रस तापलेल्या कातळावर पसरला. संध्याकाळी तो रोपांना पाणी घालू लागला.

गिऱ्हाईक माकडं कुरकुरली, "उन्हात फार वेळ लागतो हो!"

"लागू दे. चवही जास्त येते."

"भट्टी विझली, मग रोपांना पाणी कशाला?"

"आभाळ भरून आलं की थोडी पेटवावी लागते ना," भुरोबा म्हणाला. "जो धूर मला टाळता येत नाही, तेवढाच त्यांना प्यायला सांगायचा."