बॉनेटवरचा वाघ

तारळगावच्या रणधीरराव इनामदारांकडे अडतीस सालची एक मोटार होती आणि त्याहून जुनी मिजास. मोटार प्रदर्शनात मांडायची, तर ती कंपनीतून आली तशीच असल्याचा दाखला लागणार होता, आणि तो द्यायचा होता जुन्या गाड्यांचे जाणकार दस्तगीर मिस्त्रींनी. चाळीस वर्षं पत्रे ठोकलेल्या मिस्त्रींनी बॉनेटवर टिचकी मारली आणि ओळखलं, हा पत्रा मागाहून बसवलेला आहे. पण बोलायचं कसं? त्यांचं गॅरेज इनामदारांच्याच जागेत होतं.

"लिही!" पाहुण्यांच्या घोळक्यात उभे राहून इनामदार कडाडले. "एक स्क्रू बदललेला नाही. रंगसुद्धा मूळचा!"

"लिहितो, सरकार. फक्त तुमच्या आजोबांच्या शिकारीची गोष्ट पाहुण्यांना एकदा सांगा की."

इनामदार खुलले. "अहो, याच बॉनेटवर वाघानं झेप घेतली! पंजानं पत्रा टराटरा फाडला, आणि आजोबांनी बसल्या जागेवरून बार उडवला. त्याच वाघाचं मुंडकं दिवाणखान्यात आहे!"

मिस्त्रींनी गुळगुळीत बॉनेटवरून हळूच हात फिरवला. "इथं तर साधा ओरखडा नाही, सरकार. मग अस्सल काय लिहू, बॉनेट की वाघ?"

पाहुण्यांनी तोंडाला रुमाल लावले. इनामदारांनी एकदा मोटारीकडे पाहिलं, एकदा दिवाणखान्याकडे.

"बॉनेट नवं लिही," ते पुटपुटले. "वाघाला हात लावू नकोस."