उंदरांचा बांध

“एवढा उंच बांध असताना पाणी आत शिरलं कुठून?” पुरात बहीण आणि तिची पिल्लं गेली, तेव्हापासून भुरक्या उंदीर प्रत्येकाला हेच विचारत होता.

त्या काळी नदीच्या बांधातच उंदरांची वस्ती असे. पूर ओसरताच सगळे बांध वाढवायला लागले. रीतीप्रमाणे जो तो आपलं बीळ आणखी खोल उकरायचा आणि निघालेली माती बांधाच्या माथ्यावर टाकायचा.

“आजोबा, बांध पोखरूनच बांध उंच करताय,” भुरक्या माती वर नेणाऱ्या एका म्हाताऱ्या उंदराला म्हणाला.

म्हातारा हसला. “मग बिळं बुजवून उघड्यावर राहू? तू राहा, शहाण्या.”

भुरक्या तडक बहिणीच्या बिळाशी गेला. आत पिल्लांचं कापसाचं अंथरूण अजून ओलं होतं. त्यानं माथ्यावरची माती खाली ओढली, बीळ तोंडापर्यंत भरलं आणि पायांनी घट्ट चोपलं.